निळा धूर

गेल्या आषाढात एका दुपारी माहेराहून भाच्याचा फोन आला. मी तूरडाळ निवडत बसले होते. "आत्ती, सोप्यातल्या गाडीला गिऱ्हाईक आलंय. चार लाख म्हणतोय. पण पप्पा म्हणाले, आधी आत्तीला विचार."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. चार लाख? त्या गाडीचे? आणि मला कशाला विचारायचं? माहेरच्या जमिनीच्या हक्कसोड पत्राच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. सही कुठं करायची तेवढं बोटानं दाखवलं होतं आणि नंतर एक इरकल साडी हातात दिली होती. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या कपाटात अशी एखादी साडी असेल. आणि आता एका जुन्या मोटारसायकलीसाठी माझी संमती!

पण खरं सांगायचं तर दादानं मला का विचारलं, ते मला फोनवरच कळलं होतं. डाळ तशीच पुढ्यात राहिली.

ती गाडी म्हणजे राजदूत ३५०. आमच्या निपाणी भागात तिला कुणी राजदूत म्हणत नसे. साधी राजदूत म्हणजे दोन्हीकडं किटल्या अडकवून दूध घालणाऱ्यांची. ही नुसती 'आरडी'. गेली कित्येक वर्षं ती माहेरच्या सोप्यात आईच्या जुन्या लुगड्याखाली उभी होती. घरात आलेला प्रत्येक पाहुणा तिला वळसा घालूनच आत यायचा. मीही तशीच यायची, तिच्याकडं न बघता.

मी १९८९ साली बी.ए. झाले. मराठी घेऊन, पहिल्या वर्गात. आमच्या भाऊबंदात बी.ए. झालेली मी पहिलीच मुलगी. एम.ए.साठी कोल्हापूरला जायचं, वसतिगृहात राहायचं, हे आप्पांनी स्वतःच ठरवलं होतं. त्या साली तंबाखूला बरा भाव लागला. आप्पांनी चौदा हजार रुपये एका कापडी पिशवीत बांधून ट्रंकेत आईच्या शालूखाली ठेवले आणि मला म्हणाले, "ही तुझी पुस्तकं."

जूनमध्ये दादा खताचं बघून येतो म्हणून कोल्हापूरला गेला आणि येताना आरडी घेऊन आला. कुणा हौशी माणसानं तीन वर्षं वापरलेली. सगळी गल्ली गोळा झाली. आईनं गाडीला हळदकुंकू लावलं. तिसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली. शालू होता. पिशवी नव्हती.

आप्पा एवढंच म्हणाले, "पुढच्या हंगामात बघू." पुढच्या हंगामात माझं लग्न झालं आणि मी बेळगावला आले.

त्या एका वर्षात मी त्या गाडीचा जितका राग राग केला तितका कुणा माणसाचाही केला नसेल. सकाळी दादा किक मारायचा आणि अंगणभर निळा धूर व्हायचा. वाळत घातलेल्या धुण्याला जळक्या तेलाचा वास लागायचा. मी पदर नाकाला लावून आत निघून जायची. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण. दादा शेताकडनं, बाजाराकडनं कुठनंही यायचा असला तरी आईचा जीव त्या मावळत्या सूर्यात अडकलेला. आरडी आल्यापासून ती काळजी मिटली. ओढ्याच्या पुलापाशी आधी नुसती तडतड ऐकू यायची, मग चढाला लागताना तो आवाज एकदम चिरकत वर चढायचा, आणि आई चुलीपाशी बसल्या जागेवरनं म्हणायची, "आला गं, ताट घे." मी ताट घ्यायची. राग धरून, पण घ्यायची.

फोन आला त्याच आठवड्यात मी निपाणीला गेले. दादाला दोन वर्षांपासून कंपवात आहे. उजवा हात मांडीवर ठेवला तरी थरथरत राहतो. तो सोप्यात खुर्चीवर बसला होता आणि गाडीवरचं लुगडं काढलेलं होतं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्याकडं नीट बघितलं. टाकीचा लांबट फुगीर आकार, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर, समोर वेगाचं आणि फेऱ्यांचं अशी दोन गोल घड्याळं. मी विचारलं, "दादा, ह्या गाडीत असं होतं तरी काय?"

हा प्रश्न मी त्याला कधीच विचारला नव्हता. त्याचा चेहरा असा काही उजळला की मी पाट ओढून बसलेच. त्यानं सांगितलेलं आणि नंतर मी वाचून काढलेलं, दोन्ही एकत्र करून तुम्हाला सांगते. मोटारसायकल हा काही आपला विषय नव्हे, पण ऐका, त्यात आपल्या ओळखीचं बरंच निघतं.

ही गाडी जन्मानं जपानी. तिची मूळ कंपनी यामाहा, आणि त्या घराण्याची सुरुवात झाली ती चक्क पेटीपासून! तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिरानं १८८७ साली हामामात्सु गावातल्या एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि मग स्वतःच ऑर्गन बनवायला घेतले. ऑर्गन म्हणजे आपल्या हार्मोनियमची मोठी बहीणच. आजही यामाहाच्या टाकीवर जे चिन्ह असतं ते तीन नादकाट्यांचं, वाद्याचा सूर जुळवायला वापरतात त्यांचं. मोटारसायकली आल्या त्या पुष्कळ नंतर, १९५५ साली. पहिली गाडी छोटीशी, १२५ सीसीची, टू-स्ट्रोक. तिच्या तांबूस रंगामुळं जपानी लोक तिला 'लाल चतुर' म्हणायचे. त्याच साली तिनं फुजी डोंगर चढायची शर्यत जिंकली आणि वाद्यं करणारी कंपनी गाड्यांच्या धंद्यात स्थिरावली.

आरडी ३५० आली १९७३ साली. आरडी म्हणजे शर्यतीत घडलेली, असा त्या अक्षरांचा अर्थ लावतात. ३४७ सीसीचं इंजिन, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, सहा गिअर आणि ३९ अश्वशक्ती. आणि तिच्या इंजिनाची खासियत काय, तर रीड! पेटीत असते तशी पातळ पत्ती. पेटीचा भाता दाबला की हवा पत्तीला हलवून जाते आणि सूर उमटतो. ह्या इंजिनात पिस्टन वर गेला की खाली ओढ तयार होते, पत्ती उघडते आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की पत्ती मिटते आणि आत आलेलं परत जाऊ देत नाही. एवढंच. पण त्या एवढ्याशा पत्तीमुळं हे इंजिन कमी वेगातही अडखळत नसे. मी भजनाच्या पेटीवर हात चालवलेली बाई. दादा हे सांगत होता तेव्हा मला ते लगेच कळलं आणि कळलं म्हणून थोडा रागही आला. इतकी वर्षं मी जिचा दुस्वास केला, ती माझ्या पेटीच्या नात्यातली निघावी!

आता टू-स्ट्रोक म्हणजे काय, तेही सांगते. आपल्या आज्या जात्यावर दळायच्या. समजा एक बाई जात्याच्या एका आड एका फेऱ्याला मूठ टाकते आणि दुसरी दर फेऱ्याला टाकते. आजकालच्या फोर-स्ट्रोक गाड्या ह्या पहिल्या बाईसारख्या, इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा पेट घेणाऱ्या. टू-स्ट्रोक दर फेऱ्याला पेटतं. शिवाय त्यात वर उघडमीट करणाऱ्या झडपा नाहीत, सुटे भाग कमी, वजन कमी. म्हणून तेवढ्याच आकारात जोर जास्त. पण दुसऱ्या बाईचं पीठ थोडं सांडतंही. जळलेला वायू बाहेर जाताना त्याच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही थोडं निसटतं, म्हणून ह्या गाड्या पेट्रोल फार पितात. आणि पेट्रोल इंजिनाच्या पोटातूनच वर जात असल्यामुळं तिथं वेगळं तेल भरून ठेवता येत नाही. तेल पेट्रोलबरोबर जातं आणि त्याच्याबरोबरच जळतं. माझ्या धुण्याला वास लावणारा निळा धूर तो हाच. आरडीला त्यासाठी तेलाची वेगळी टाकी आणि एक छोटा पंप आहे. इंजिन जेवढं पळेल आणि मूठ जेवढी पिळाल, त्या मानानं पंप तेल सोडतो. जेवणारा बघून तूप वाढावं तसं. तेल संपलं तर मात्र क्षमा नाही, पिस्टन जागच्या जागी धरतो. दादा रोज सकाळी देवदर्शनाच्या आधी त्या टाकीतलं तेल बघायचा. आई म्हणायची, "आधी तिची पूजा, मग देवाची."

आणि तिचा स्वभाव? दादा म्हणाला, "निम्म्या वाटेपर्यंत शहाणी पोर. मग वासरात वारं शिरावं तशी." फेऱ्यांचा काटा पाच-सहा हजारांच्या पुढं गेला की गाडी एकदम उसळते. त्याचं गुपित सायलेन्सरच्या फुगीर पोटात असतं. बाहेर पडलेल्या धुराचा धक्का त्या पोटात आपटून उलटा फिरतो आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत आत ढकलतो. पण ही वेळ एका ठरावीक वेगालाच जमते. जमली की तोच चिरकत वर चढणारा आवाज, जो ओढ्याच्या चढावर यायचा आणि ज्यावर आई ताट घ्यायला सांगायची.

जपानात ही गाडी १९७५ पर्यंतच चालली. मग तिची जागा चारशे सीसीच्या आरडीनं घेतली. आपल्याकडं ती आली १९८३ साली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं यामाहाशी करार करून तिला राजदूत हे आपलं जुनं नाव दिलं. इथं येताना तिची ताकद ३०.५ अश्वशक्तीवर आणली आणि पुढं पेट्रोल वाचावं म्हणून २७ ची निराळी आवृत्तीही काढली. तरी त्या वेळची बुलेट १८ अश्वशक्तीची होती, हे लक्षात घ्या. जपानी गाडीला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, इथं त्याच्या जागी ड्रमचा आला. त्यात टू-स्ट्रोकची खोड अशी की मूठ सोडली तरी इंजिन गाडीला फारसं मागं ओढत नाही, ती आपल्या नादात पळतच राहते. थोडक्यात वेग नव्या काळाचा आणि लगाम जुन्या काळाचा. दादाला ते पुरतं ठाऊक होतं. वळण यायच्या कितीतरी आधी तो ब्रेक हळूहळू धरायला लागायचा.

एवढी देखणी, एवढी तेज, पण ती आपल्याकडं खपली नाही. लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर ऐकलं की लोक हात जोडायचे. दोन कार्ब्युरेटर एकसारखे लावायचे, पॉइंट नेमके ठेवायचे, हे गावातल्या मेस्त्रीला जमायचं नाही. तो चुकीचं लावायचा, गाडी आणखी प्यायची आणि बोल लागायचा गाडीला. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, लिटरला ऐंशीचा हिशेब सांगत. त्याच साली यामाहाचीच छोटी आरएक्स १०० आली. ९८ सीसी आणि ११ अश्वशक्ती, पण अंगानं हलकी, त्यामुळं मोठ्या बहिणीचा तिखट स्वभाव तिच्यात परवडण्याजोग्या दरात मिळाला. ती घरोघर गेली आणि मोठी बहीण १९९० च्या आसपास बंद पडली. पुढं धुराचे नियम कडक होत गेले, १९९६ साली आरएक्सही गेली आणि २००० नंतर टू-स्ट्रोकचा जमानाच संपला.

आमच्या ह्यांच्याकडं हिरो होंडा होती. पेट्रोल भरलं की हे एका वहीत किलोमीटर लिहून ठेवायचे. वाण्याच्या हिशेबाशेजारी त्याही हिशेबाची वही आमच्या फडताळात असायची. मी ह्यांना नावं ठेवत नाही. त्या वहीनं दोन मुलांची शिक्षणं झाली. पण मी ह्यांना एवढंच म्हणाले, की दादाची गाडी कुणी कधी वहीत लिहिली नाही म्हणून आज ती चार लाखांची झाली. हे हसले.

तर गंमत बघा. चालत होती तेव्हा जिला लोक उधळी म्हणाले, खाऊन जाते म्हणाले, घरात परवडत नाही म्हणाले, तिच्यासाठी आता पोरं देशभर पालथं घालतात. एकेक नट-बोल्ट मूळचा मिळावा म्हणून जिवाचं रान करतात. दादा हे हसत हसत सांगत होता. मी मात्र हसले नाही. 'परवडत नाही' हा शब्द मी त्या घरात दुसऱ्या कशासाठी ऐकला होता.

दादाच्या ते लक्षात आलं असावं. सोप्यात आम्ही दोघंच होतो. तो गाडीकडं बघतच म्हणाला, "आप्पांनी मला पैसे दिले नव्हते गं. मी ट्रंकेतनं घेतले. तुझे आहेत हे ठाऊक असून घेतले. गाडी दारात आल्यावर आप्पा म्हणाले असते, परत करून ये, तर मी आल्या पावली गेलो असतो. ते बोललेच नाहीत."

मला इतकी वर्षं वाटत होतं की आप्पांनी मुलाच्या हट्टापायी मुलीचे पैसे दिले. दादाला बिचाऱ्याला माहीतही नसेल, असंही मी मनाला समजावलं होतं. दर वर्षी पर्युषण संपलं की क्षमावाणीला आम्ही बहीणभाऊ एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचो. छत्तीस वेळा म्हटलं असेल. कशाबद्दल क्षमा, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आणि मी तरी काय केलं होतं? ट्रंक पुन्हा लावून घेतली होती. पिशवी कुठं गेली, हा एक प्रश्न मोठ्यानं विचारला असता तर आप्पा त्या दिवशी काय म्हणाले असते, कोण जाणे. निळा धूर अंगणात असताना मी पदर नाकाला लावला तो तसाच लावून ठेवला.

दादा म्हणाला, "येतील ते सगळे पैसे तू घे."

इथं, मैत्रिणींनो, आपण काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. आपण म्हणतो, "असू दे रे दादा, तुझं माझं काय वेगळं आहे?" हे वाक्य माझ्या जिभेवर आलंच होतं. हक्कसोड पत्राच्या वेळी मी तेच म्हणाले होते. पण समोर ती गाडी उभी होती आणि ह्या वेळी मला ते वाक्य बोलवेना.

मी म्हणाले, "सगळे नकोत. माझे चौदा हजार दे."

"व्याज?"

"व्याज नको. चौदा हजार दे. पिशवीत घालून दे."

तो रडला. मीही रडले. वहिनी चहा घेऊन आल्या आणि काही न विचारता कप खाली ठेवून परत आत गेल्या. त्यांनाही सगळं माहीत असणार.

गिऱ्हाईक श्रावणाच्या सुरुवातीला आलं. पंचविशीतला मुलगा. त्यानं रंग बघितला नाही, चकाकी बघितली नाही. आधी तेलाच्या टाकीचं झाकण उघडून बोट घातलं. दादा माझ्याकडं बघून म्हणाला, "जमेल ह्याला." भाच्यानं किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी उठली आणि सगळा सोपा निळ्या धुरानं भरला. दादाचा थरथरता हात टाकीवर होता. गाडीच्या थरथरीत त्याची थरथर दिसेनाशी झाली. मी पदर नाकाला लावायचा विसरले. पोरगा गाडी घेऊन गेला तेव्हा आम्ही सगळे दारात उभे होतो. ओढ्याच्या पुलापलीकडं चढाला तो आवाज चिरकत वर गेला आणि हळूहळू विरला. आई असती तर म्हणाली असती, गेला गं.

चौदा हजारांची पिशवी घेऊन मी बेळगावला आले. ह्यांना सांगितलं. ह्यांनी वही काढली नाही, एवढंच विचारलं, "फॉर्म कधीपर्यंत भरायचाय?"

बहिःस्थ एम.ए.च्या अर्जाबरोबर गॅप सर्टिफिकेट लागतं, म्हणजे शिक्षणात खंड का पडला त्याचं प्रतिज्ञापत्र. त्यासाठी मी कोल्हापूरला गेले. कचेरीबाहेर टाइप करणाऱ्यानं बी.ए.चं वर्ष बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वर्ष बघितलं.

"छत्तीस वर्षांचा गॅप?"

"हो."

"कारण काय घालू?"

माझ्या डोळ्यांपुढं ती ट्रंक आली, शालू आला, आप्पा आले, अंगणातला धूर आला. हे सगळं एका ओळीत बसणार नव्हतं. मी म्हणाले, "घरगुती कारण घाला."

"सगळ्या बायका हेच घालतात," तो म्हणाला आणि त्यानं तसं टाइप केलं. मग कागद माझ्यापुढं सरकवून सही कुठं करायची ते दाखवायला त्यानं बोट पुढं केलं. तोवर मी सही केली होती.